गौरव आणि निवड : खानदेशातील साहित्यसंमेलने आणि स्त्रीच्या अध्यक्षपदाचा प्रश्न

१

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन खानदेशाच्या भूमीवर पाच वेळा भरले आहे. जळगाव येथे १९३६ साली माधव त्र्यंबक पटवर्धन अर्थात माधव जूलियन, धुळे येथे १९४४ साली भा. वि. ऊर्फ मामा वरेरकर, अमळनेर येथे १९५२ साली कृ. पां. कुलकर्णी, पुन्हा जळगाव येथे १९८४ साली शंकरराव खरात आणि पुन्हा अमळनेर येथे २०२४ साली रवींद्र शोभणे हे या संमेलनांचे अध्यक्ष होते. या पाचही अध्यक्षांची वाङ्मयीन योग्यता वादातीत आहे. तथापि, या नामावलीत एकाही स्त्रीचे नाव नाही. ज्या प्रदेशाने मराठी कवितेला बहिणाबाई चौधरी दिल्या आणि ज्या प्रदेशातून निवडून गेलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, त्या प्रदेशाच्या संदर्भात ही गोष्ट विचारप्रवृत्त करणारी आहे.

हा केवळ खानदेशाचा प्रश्न नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. तेव्हापासून २०२५ च्या दिल्ली येथील संमेलनापर्यंत ९८ संमेलने झाली. त्यांत अध्यक्षपद भूषविणाऱ्या स्त्रिया सहा : कुसुमावती देशपांडे (ग्वाल्हेर, १९६१), दुर्गा भागवत (कऱ्हाड, १९७५), शांता शेळके (आळंदी, १९९६), विजया राजाध्यक्ष (इंदूर, २००१), अरुणा ढेरे (यवतमाळ, २०१९) आणि तारा भवाळकर (दिल्ली, २०२५). पहिल्या संमेलनानंतर पहिली स्त्री अध्यक्षपदावर येण्यास ८३ वर्षे लागली. पुढेही पहिलीनंतर दुसरीसाठी १४, दुसरीनंतर तिसरीसाठी २१ आणि चौथीनंतर पाचवीसाठी १८ वर्षांचा काळ गेला.

या आकड्यांचे एक सरळ स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. साहित्याच्या क्षेत्रात गुणवत्ता पाहावी, लेखक स्त्री आहे की पुरुष हे पाहू नये, असे ते स्पष्टीकरण होय. हे तत्त्व निर्दोष आहे, आणि म्हणूनच त्याची कसून तपासणी करणे अगत्याचे ठरते. गुणवत्ता पाहावयाची असे म्हटले की ती कोणी पाहावयाची, कोठे पाहावयाची आणि कोणत्या साधनाने पाहावयाची, हे तीन प्रश्न ओघानेच येतात. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने खानदेशातील काही वाङ्मयीन घटनांचा विचार केला आहे.

२

खानदेशात गुणवत्तेची पारख झाल्याचे एक उज्ज्वल उदाहरण १९०७ सालचे आहे. त्या वर्षी जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावी जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांच्यापाशी पद नव्हते, पदवी नव्हती, प्रसिद्ध झालेला संग्रहही नव्हता. त्यांनी कविता म्हटली, सभेने ती ऐकली आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना 'बालकवी' ही उपाधी दिली. पुढे मराठी वाङ्मयेतिहासाने त्या उपाधीवर शिक्कामोर्तब केले. वय, जात, शिक्षण, ओळखपाळख यांपैकी कशाचाही आधार न घेता, समोर आलेल्या कवितेवरून कवी ओळखला गेला. गुणवत्तेनुसार निवड म्हणतात ती हीच.

परंतु या घटनेला दुसरी एक बाजू आहे. १९०७ साली त्याच जळगावात बहिणाबाई चौधरी राहत होत्या. असोद्याच्या महाजन घराण्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. कविसंमेलन भरले त्या वर्षी त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्यांचे पुत्र आणि पुढे कवी म्हणून ख्यातनाम झालेले सोपानदेव यांचा जन्मही १९०७ चाच. अक्षरओळख नसलेली, शेतात आणि घरात राबणारी ही कुणबिण त्या मंडपात जाऊन उभी राहणे त्या काळी कल्पनेतही शक्य नव्हते. मंडपात बसलेल्या रसिकांची दृष्टी अधू होती असे म्हणण्याचे कारण नाही. बालकवींच्या बाबतीत ती किती तीक्ष्ण होती हे दिसतेच. त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात काय येऊ शकत होते, एवढाच येथे प्रश्न आहे. सतरा वर्षांचा मुलगा मंडपाच्या दारातून आत येऊ शकत होता. सत्तावीस वर्षांच्या स्त्रीला त्या दाराचा पत्ताही नव्हता.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. गुणवत्तेची पारख आणि गुणवत्तेचा शोध या दोन भिन्न क्रिया आहेत. पारख ही समोर आलेल्या वस्तूची होते. जे समोर आलेच नाही त्याचा शोध घ्यावा लागतो. आपल्या वाङ्मयीन संस्थांनी पारखीची शक्ती बऱ्याच अंशी कमावली, पण शोधाची यंत्रणा उभारली नाही. परिणामी जे आपल्या पायांनी चालत मंडपापर्यंत येऊ शकले त्यांच्यातूनच उत्तम ते निवडले गेले, आणि त्या निवडीला गुणवत्तेची निवड असे नाव मिळाले.

३

बहिणाबाईंच्या बाबतीत शोधाचे हे काम संस्थेऐवजी घराने केले. त्या गात, सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी ती गाणी कागदावर उतरवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखविली. अत्रे स्वतः १९४२ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष होते. मराठी वाचकाच्या नाडीवर त्यांचा हात होता. ही गाणी प्रसिद्ध झालीच पाहिजेत असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रकाशित झाला.

या साखळीतील कड्या मोजल्या तर तिचे नाजूकपण ध्यानात येते. मुलगा शिकला नसता तर गाणी उतरली गेली नसती. तो स्वतः कवी नसता तर आईच्या ओठांवरचे बोल कविता आहेत हे त्याला उमगले नसते. त्याचा वाङ्मयीन वर्तुळात वावर नसता तर अत्र्यांसारख्या समीक्षकापर्यंत हस्तलिखित पोहोचले नसते. आणि अत्र्यांच्या जागी एखादा प्रमाणभाषेचा अभिमानी असता, तर लेवा गणबोलीतील ती रचना त्याने बाजूला सारली असती हेही असंभवनीय नव्हते. मराठीतील एक श्रेष्ठ कवयित्री आज आपल्याला ठाऊक आहे ती चार योगायोग एकत्र आल्यामुळे. असे योग ज्यांच्या वाट्याला आले नाहीत, त्या जात्यावर गाणाऱ्या स्त्रियांची मोजदाद कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही.

१९५२ हे वर्ष आणखी एका दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्याच वर्षी अमळनेर येथे संमेलन भरले आणि 'मराठी व्युत्पत्ति कोशा'चे कर्ते कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष झाले. मराठी शब्दांची कुळे शोधणारा पंडित अध्यक्षपदी असावा आणि त्याच जिल्ह्याच्या बोलीतील शब्दवैभव त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रकट व्हावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. एका बाजूला भाषेचे शास्त्र मानाच्या आसनावर होते. दुसऱ्या बाजूला त्या शास्त्राची सामग्री ज्या मुखातून आली, ती स्त्री मानसन्मानाच्या पलीकडे गेली होती.

४

येथे गौरव आणि निवड यांतील अंतर लक्षात घेतले पाहिजे. गौरव मागाहून केला जातो; त्यासाठी गौरव करणाऱ्याला आपल्या अधिकारातील काहीही सोडावे लागत नाही. निवडीत अधिकार प्रत्यक्ष दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. त्या व्यक्तीने पुढे काय बोलावे, कोणती भूमिका घ्यावी यावर निवडणाऱ्याचा ताबा राहत नाही. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे, तर सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. ही नामकरणे उचित आहेत. शिक्षणापासून वंचित राहिलेल्या स्त्रीचे नाव विद्यापीठाने धारण करणे यात एक प्रकारचे ऋणमोचनही आहे. परंतु नाव देणे हे गौरवाच्या कक्षेत येते. हयात स्त्रीकडे विद्वत्सभेचे नेतृत्व सोपविणे ही त्यापुढची पायरी होय.

निवडलेली व्यक्ती आसनावर बसून काय करू शकते, याचे उदाहरण कऱ्हाडच्या संमेलनात दिसले. १९७५ च्या अखेरीस, आणीबाणीच्या काळात, दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या आणि यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. केंद्रातील सत्तेचे एक प्रमुख धुरीण त्याच व्यासपीठावर असताना दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. कोणत्याही विद्यापीठीय खुर्चीचा आधार नसलेल्या या विदुषीने संमेलनाच्या अध्यक्षपदाला जी उंची दिली, ती पदाने त्यांना दिलेली नव्हती. स्त्रीला नेतृत्व दिल्यास ते शोभेपुरते राहते, ही शंका या एका उदाहरणाने निकालात निघावी.

५

आता निवडीच्या साधनाकडे वळता येईल. २०१८ च्या बडोदे संमेलनापर्यंत अध्यक्षाची निवड मतदानाने करण्याची पद्धती रूढ होती. उमेदवाराने अर्ज भरावयाचा, घटक आणि संलग्न संस्थांतील मतदारांनी मत द्यावयाचे. हा मतदारवर्ग मर्यादित असे, आणि तो प्रामुख्याने संस्थांच्या सभासदांतून येई. या पद्धतीत जिंकण्यासाठी लागणारे गुण कोणते? गावोगावी ओळखी, संस्थांच्या राजकारणाची जाण, प्रवास करण्याची मोकळीक, आपल्यासाठी मत मागण्याची तयारी. हे गुण तुच्छ नाहीत, पण ते वाङ्मयीन गुण नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या घराच्या आणि नोकरीच्या दुहेरी जबाबदारीत अडकलेल्या लेखिकेला यांतील प्रत्येक गोष्ट पुरुष लेखकापेक्षा महाग पडते. गुणवत्ता मोजण्याचा आव आणणारे साधन प्रत्यक्षात उपलब्ध वेळ आणि वावर मोजत होते.

तुलनेसाठी साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांकडे पाहता येईल. तेथे परीक्षक एका ग्रंथाचा विचार करतात. लेखकाला मते मागावी लागत नाहीत. १९६८ मध्ये इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ला, १९७१ मध्ये दुर्गा भागवत यांच्या 'पैस'ला आणि १९७२ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाला हा पुरस्कार मिळाला. पाच वर्षांत तीन लेखिका. अकादमीच्या पद्धतीतही दोष आहेत आणि पुढील काळात हे प्रमाण टिकले असेही नाही. पण ग्रंथ समोर ठेवून विचार झाला की लेखिका दिसू लागते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. याउलट 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) लिहून मराठी कथेचे वळण बदलणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी कधीच आल्या नाहीत. १९८१ साली मुंबईत भरलेल्या समांतर संमेलनाने त्यांना अध्यक्षपद दिले.

२०१८ मध्ये साहित्य महामंडळाने आपल्या घटनेत बदल करून निवडणुकीऐवजी सन्मानपूर्वक निवडीची पद्धती स्वीकारली. या पद्धतीने निवडल्या गेलेल्या पहिल्या अध्यक्ष अरुणा ढेरे. आधीच्या ९१ संमेलनांत चार स्त्रिया, तर २०१९ ते २०२५ या काळातील सात संमेलनांत दोन, असे चित्र दिसते. सात ही संख्या लहान आहे. तिच्यावरून नियम बांधणे घाईचे होईल. शिवाय नव्या पद्धतीत मोजक्या व्यक्ती बंद दाराआड निर्णय घेतात, हा आक्षेप गंभीर आहे. मतदानात निदान आकडे तरी समोर येत. म्हणून कोणती नावे विचारात होती आणि कोणत्या ग्रंथकर्तृत्वाच्या आधारे निवड झाली, याची कारणे लेखी नोंदविणे हा या पद्धतीचा अविभाज्य भाग असावयास हवा. कारण न सांगता केलेली योग्य निवडही मेहेरबानीसारखी दिसते, आणि त्याचा उपसर्ग निवडल्या गेलेल्या स्त्रीलाच होतो.

६

समाजाचीच तयारी नव्हती, संस्था तरी काय करणार, असा युक्तिवाद काही वेळा केला जातो. खानदेशापुरता तो टिकत नाही. १९६२ साली जळगाव मतदारसंघाने सत्तावीस वर्षांच्या प्रतिभाताई पाटील यांना विधानसभेवर निवडून दिले. त्यानंतर १९६७ ते १९८५ या काळात एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, या मतदारसंघाने त्यांना सलग निवडून दिले. विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचे उपसभापतिपद, राजस्थानचे राज्यपालपद आणि अखेर राष्ट्रपतिपद असा त्यांचा प्रवास झाला. उमेदवारी देणारा पक्ष आणि त्याची लाट यांचा वाटा यात मान्य करूनही एक गोष्ट उरते. शेतकरी, मजूर, निरक्षर स्त्रीपुरुष यांचा समावेश असलेल्या मतदारसमूहाला स्त्रीचे नेतृत्व अस्वाभाविक वाटले नाही. पंचायत राज्यसंस्थांत महिलांसाठी जागा राखणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात येण्यापूर्वी तीस वर्षे ही घटना घडली.

त्याचप्रमाणे खानदेशचे वाङ्मयीन व्यासपीठ परिघावरच्या लेखकाला सर्वस्वी बंद होते, असेही नाही. 'तराळ-अंतराळ' या आत्मचरित्राचे लेखक शंकरराव खरात १९८४ साली जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. १८८५ साली महात्मा फुले यांनी ग्रंथकारांच्या सभेला येण्यास नकार देऊन जो प्रश्न उपस्थित केला होता, त्याचे शंभर वर्षांनी मिळालेले ते एक अंशतः उत्तर होते. दार रुंद करता येते, हे त्यातून दिसले. धुळ्याच्या संमेलनाचे उदाहरण याहून वेगळे आहे. 'विधवाकुमारी'सारखी कादंबरी लिहून स्त्रीच्या स्वत्वाचा प्रश्न मांडणारे आणि शरच्चंद्रांच्या साहित्याचा मराठीशी परिचय घडविणारे मामा वरेरकर तेथे अध्यक्ष होते. स्त्री ही साहित्याचा विषय म्हणून १९४४ सालीच मध्यभागी आली होती. साहित्याच्या सभेची सूत्रधार म्हणून तिला आणखी सतरा वर्षे थांबावे लागले.

७

अध्यक्षपदी आलेल्या सहा स्त्रियांच्या कार्याचे स्वरूप पाहिले असता आणखी एक बाब समोर येते. दुर्गा भागवत, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर या तिघींच्या व्यासंगाचा गाभा लोकसाहित्य आणि लोकसंस्कृती हा आहे. ओवी, जात्यावरची गाणी, कहाण्या, विधिनाट्ये यांत स्त्रीने साठविलेले ज्ञान त्यांनी अभ्यासाच्या पातळीवर आणले. म्हणजे ज्या मौखिक परंपरेची थोर प्रतिनिधी बहिणाबाई होत, तिच्याच अभ्यासातून मराठी विद्वत्तेतील स्त्रीचे नेतृत्व मोठ्या प्रमाणात घडले. मौखिक परंपरा ही वाङ्मयाची पूर्वपीठिका आहे अशी समजूत बाळगून तिला पहिल्या प्रकरणात आटोपणाऱ्या अभ्यासक्रमांनी या वस्तुस्थितीचा विचार करावयास हवा.

खानदेशात या कामासाठी एक आदर्श उपलब्ध आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवर आणि अडगळीत पडलेली दप्तरे त्यांनी मिळविली. त्यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले व त्यांचा संग्रह जतन झाला. इतिहासाची साधने दरबारातच असतात असे राजवाड्यांनी मानले असते, तर मराठ्यांच्या इतिहासाचे कितीतरी कागद नष्ट झाले असते. तोच न्याय वाङ्मयाला लागू आहे. अहिराणी आणि लेवा गणबोलीतील स्त्रीरचनांची दप्तरे स्मरणात आहेत, आणि स्मरणातील दप्तर ते जपणाऱ्या व्यक्तीबरोबरच संपते. महाविद्यालयीन अध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांनी गायिकेचे नाव, गाव, गाण्याचा प्रसंग आणि तिने स्वतः सांगितलेला अर्थ यांसह ही रचना नोंदवून ठेवणे, हे शोधाचे काम होय.

निवडीचे काम त्याहून जवळचे आहे. महाविद्यालयातील वाङ्मय मंडळाचा प्रमुख, चर्चासत्राचा बीजभाषक, अभ्यासमंडळाचा सदस्य, नियतकालिकाचा संपादक ही सारी छोटी अध्यक्षपदेच आहेत आणि मोठ्या पदांपर्यंतची वाट यांतूनच जाते. सूत्रसंचालन, स्वागतगीत आणि आभारप्रदर्शन ही कामे विद्यार्थिनींकडे, आणि अध्यक्षीय समारोप विद्यार्थ्याकडे, अशी विभागणी सवयीने होत असेल, तर वीस वर्षांनी निवडीसाठी समोर येणाऱ्या नावांत स्त्रिया कमी का, याचे उत्तर त्या कार्यक्रमपत्रिकेतच सापडेल. अशा प्रत्येक निवडीच्या वेळी तीन गोष्टी पाहता येतात. विचारार्थ आलेली नावे कोणत्या वर्तुळातून आली? त्यांच्या लेखनाचे प्रत्यक्ष वाचन झाले काय? आणि निवडीचे कारण दोन वाक्यांत लिहून सर्वांसमोर ठेवता येईल काय? या तीन कसोट्या स्त्रीला कोणतीही सवलत देत नाहीत. त्या केवळ गुणवत्ता या शब्दाला त्याचा अर्थ परत देतात.

जळगावच्या १९०७ च्या मंडपात एका सतरा वर्षांच्या मुलाला जे मिळाले, ते त्याला कृपा म्हणून मिळाले नव्हते. त्याची कविता ऐकली गेली होती. तेवढे ऐकून घेणे ही गुणवत्तेनुसार निवडीची पहिली अट आहे. खानदेशात पुढचे संमेलन भरेल तेव्हा अध्यक्षपदी कोण असावे, हे आज सांगता येणार नाही आणि सांगूही नये. मात्र ती निवड होण्यापूर्वी किती जणींचे लेखन वाचले गेले, हे विचारण्याचा अधिकार या प्रदेशातील प्रत्येक अभ्यासकाला आहे.